वाचकांचे प्रश्न : आधी प्रार्थना, मग प्रेम

गेल्या अंकात परदेशी लोकप्रिय साहित्याविषयी लिहिताना अमेरिकेतील ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा मी दोन परिच्छेदांत ओझरता उल्लेख केला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती म्हणून मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. विचारणाऱ्यांचा सूर मात्र तसाच ठेवला आहे.

मुलीकडे टेक्सासला सहा महिने राहून आले. शेजारच्या बाईंनी वेळ जावा म्हणून चार कादंबऱ्या आणून दिल्या. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर लांब झग्यातली मुलगी आणि मागे गव्हाचे शेत! वाचायला गोड वाटल्या, पण दर दहा पानांनी कोणी ना कोणी गुडघे टेकून प्रार्थना करतो. याला प्रेमकथा म्हणायचे की धर्मप्रचार? (एक वाचिका, नाशिक)

दोन्ही म्हणावे लागेल, आणि यात लपवाछपवी काहीच नाही. अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीसाठी दोनच अटी मानल्या आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती असावी आणि शेवट समाधानकारक व आशादायी असावा. ख्रिस्ती प्रेमकादंबरी या दोन अटी पाळते आणि तिसरा एक धागा त्यांत विणते, तो म्हणजे नायक किंवा नायिका आणि देव यांच्यातील संबंधाचा. तो संबंध सुरुवातीला तुटलेला किंवा कोमेजलेला असतो आणि शेवटी जुळतो. नायिकेला नवरा मिळतोच, पण त्याच्या आधी, निदान त्याच सुमारास, तिला श्रद्धाही मिळावी लागते. ही घाई बायबलातील प्रेषित पौलाच्या उपदेशातून आली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने विश्वास ठेवणाऱ्याने विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडी जमवू नये असे सांगितले आहे. मराठी बायबलात तेथे ‘विजोड’ हा नेमका शब्द योजला आहे. त्यामुळे नायक कितीही देखणा आणि कष्टाळू असला, तरी तो देवावर रुसलेला असेल तोवर वाचकाला लग्नाचे लाडू मिळत नाहीत.

आपल्या हाती आलेल्या चार पुस्तकांत जॅनेट ओक यांचे ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ असण्याची दाट शक्यता आहे. ओक कॅनडाच्या. १९७९ मध्ये बेथनी हाउसने हे पुस्तक काढले आणि ‘गवताळ प्रदेशातली प्रेमकथा’ हा आजचा साचा बव्हंशी त्यातूनच रूढ झाला. मार्टी नावाची तरुणी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघाली असताना वाटेतच विधवा होते. तिला दिवस गेलेले आहेत, परतायला गाड्यांचा तांडा नाही आणि हिवाळा तोंडावर आला आहे. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीच क्लार्क डेव्हिस हा विधुर शेतकरी तिला मागणी घालतो, कारण त्याच्या लहान मुलीला आई हवी आहे. वसंत ऋतूत जायचेच असेल तर परतीचे भाडे आपण देऊ, असे वचनही तो देतो. मार्टीला त्याचा संताप येतो, पण दुसरा मार्ग नसल्याने ती होकार देते. पुढच्या पानांवर चूल, कोंबड्या, धुणे आणि त्या पोरीचे हट्ट एवढेच आहे. प्रेम त्यातून हळूहळू उगवते आणि जेवणाआधी क्लार्क जी प्रार्थना म्हणतो तिच्या शब्दांकडे मार्टीचे लक्ष पहिल्यांदा जाते तेही याच काळात.

धर्मप्रचार आणि कथा यांतला फरक पाहण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. पुस्तकातल्या सगळ्या प्रार्थना मनातल्या मनात खोडून पाहाव्यात. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर त्या प्रार्थना वरून चिकटवलेल्या होत्या, आणि प्रचार नेमका तोच. कथा कोसळली, म्हणजे क्लार्कने दिलेला शब्द का पाळला, मार्टीने त्याच्यावर भरवसा का ठेवला हेच कळेनासे झाले, तर श्रद्धा त्या माणसांच्या वागण्यात मुरलेली आहे. या कसोटीला चारांपैकी दोन पुस्तके उतरली तरी आपल्या शेजारीणबाईंची निवड चांगली आहे असे मी म्हणेन.

हा प्रकार काही कालपरवाचा नाही. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल (१८६५–१९४७) या लेखिकेने शंभरावर कादंबऱ्या लिहून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याचा पाया घातला होता. १९६७ मध्ये कॅथरिन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ आली. १९१२ च्या सुमारास अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या शाळेत शिकवायला गेलेल्या मुलीची ती कथा आहे, आणि ख्रिस्ती कादंबऱ्यांना दिला जाणारा क्रिस्टी पुरस्कार तिच्याच नावाचा आहे. पुढे १९९७ मध्ये हार्लेक्विनसारख्या मोठ्या व्यापारी प्रकाशनानेही ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही स्वतंत्र माला सुरू केली. तेव्हापासून हा माल किराणा दुकानाच्या फळीवरही मिळू लागला.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. या कादंबऱ्यांत अनोळखी स्त्री-पुरुष एकमेकांना धड न पाहता लग्न करतात आणि मग प्रेमात पडतात. आपल्याकडे हे नित्याचे होते, हे खरे. पण अमेरिकेत असे खरोखर होत असे, की लेखिकांची ही सोय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

लेखिकांची सोय तर आहेच, पण त्यांच्याआधी ती कायद्याने करून ठेवली होती. आपण इतिहास शिकवला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने ओरेगन प्रदेशासाठी जमीनवाटपाचा कायदा केला. तेथे आधीच वस्ती करून असलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन मिळणार होती. त्या ६४० पैकी निम्मी पत्नीच्या स्वतःच्या नावावर होत असे. यातली मेख अशी की १ डिसेंबर १८५० पासून एका वर्षाच्या आत लग्न करणारा पुरुषही विवाहित म्हणून धरला जाणार होता. बायको मिळाली की ३२० एकर जास्त! मग त्या वर्षात लग्नांची जी धांदल उडाली असेल तिची कल्पना कोणालाही करता येईल. अगदी कोवळ्या वयाच्या मुलीही तीत ओढल्या गेल्या. कादंबऱ्यांतला नायक सहसा मुलीच्या डोळ्यांकडे पाहतो. कागदोपत्रीचा नायक बऱ्याचदा सातबाऱ्याकडे पाहत असावा.

पुढे १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आला. किरकोळ फी भरून १६० एकरांवर दावा सांगायचा, पाच वर्षे तेथे राहून जमीन कसायची, की ती मालकीची. दावा सांगणारा २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असला की पुरे; तो पुरुषच असला पाहिजे असे बंधन नव्हते. अविवाहित स्त्री, विधवा, घटस्फोटिता यांना तो हक्क होता. विवाहित स्त्रीला मात्र सामान्यतः स्वतंत्र दावा करता येत नसे. चांगल्या लेखिकेच्या हाती हा कायदा पडला की तिला आणखी कशाची गरज उरत नाही. मातीच्या ढेकळांचे घर बांधून एकटी राहणारी नायिका, शेजारच्या तुकड्यावरचा नायक आणि लग्न केले तर माझे स्वतःचे काय उरेल, हा तिच्यापुढचा खरोखरीचा प्रश्न. येथे श्रद्धेचा धागाही सहज विणला जातो, कारण पाच वर्षे दुष्काळ, टोळ आणि हिमवादळे यांत टिकून राहणाऱ्या माणसाला कशावर तरी विश्वास ठेवल्यावाचून गत्यंतर नसते.

आपण आपल्याकडचा दाखला दिलात तो अगदी योग्य आहे. सोयरीक या शब्दातच आपल्याला सोय ऐकू येते. अमेरिकी वाचकाला ज्या गोष्टीचे नवल वाटते ती आपल्या आजीला नवलाची वाटली नसती. शेवटच्या उत्तरात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

आम्ही वसईचे कॅथलिक. या कादंबऱ्यांत धर्मगुरू भेटतो तो बायकामुलांसह असलेला पास्टरच. आमचे फादर आणि सिस्टर कुठे आहेत? (एक वाचक, वसई)

हा प्रकार इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक हृदयपालट यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या, प्रकाशनसंस्थांच्या आणि त्यांच्या पुस्तकदुकानांच्या आधाराने वाढला. त्या परंपरेत मोठेपणी, जाणतेपणी केलेल्या हृदयपालटाला फार महत्त्व आहे आणि कादंबरीला असा पालटाचा क्षण नेहमीच हवासा वाटतो. तान्हेपणीच बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक माणसाची श्रद्धा वेगळ्या रीतीने वाढते, म्हणून तिला वेगळी कथा लागते. शिवाय व्रतस्थ फादरला नायक करता येत नाही, ही अडचण आहेच.

पण वसईकरांनी यासाठी ओरेगनला कशाला जावे? मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले आणि गावोगावची मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. त्या वर्षी एखाद्या वाडीत ठरलेले लग्न आहे आणि लग्न लावायला धर्मगुरू नाही, यापेक्षा चांगला पहिला अध्याय मला तरी सुचत नाही.

या कादंबऱ्यांत चुंबन शेवटून दुसऱ्या पानावर येते, असे मित्र म्हणतो. खरे काय? (एक वाचक, सोलापूर)

मित्राने फार पुस्तके वाचलेली दिसत नाहीत. हल्ली ते पुस्तकाच्या मध्यावरही येते. मात्र शयनगृहाचे दार वाचकाच्या तोंडावर लागते, शिवीगाळ नसते, आणि याविषयी प्रकाशकांचे लेखी नियम असतात.

या नियमांची कसोटी पाहणारे गाजलेले उदाहरण फ्रॅन्सीन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’ या कादंबरीचे आहे. बायबलातील होशेय संदेष्ट्याला देवाने व्यभिचारी स्त्रीशी लग्न करण्यास सांगितले आणि ती सोडून गेल्यावरही तिला परत आणण्यास सांगितले. तीच कथा रिव्हर्स यांनी १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात उसळलेल्या गर्दीत नेऊन ठेवली. नायिका लहानपणीच कुंटणखान्यात विकली गेलेली आहे, तेव्हा विषय मवाळ राहणे शक्यच नव्हते. कादंबरी आधी १९९१ मध्ये सर्वसाधारण बाजारासाठी आली आणि १९९७ मध्ये सुधारलेली आवृत्ती ख्रिस्ती प्रकाशनाने काढली. तरीही ती फार धीट आहे असे म्हणणारे ख्रिस्ती वाचक आजही आहेत, आणि त्याच वाचकांच्या घरांत तिच्या झिजलेल्या प्रती आहेत.

त्या हिरव्यागार कुरणांत आधी जे राहत होते त्यांचे काय झाले, हे या कादंबऱ्या सांगतात का? की प्रार्थना म्हटली की सगळे माफ? (एक वाचिका, नागपूर)

बहुतेक कादंबऱ्या सांगत नाहीत. वर ज्या ६४० एकरांचे मी एवढे कौतुकाने वर्णन केले ती जमीन मूळ रहिवाशांची होती आणि ओरेगनच्या कायद्याने ती वाटायला घेतली तेव्हा त्यांच्याशी करार पुरे झालेलेही नव्हते. गव्हाच्या शेतापुढे उभ्या असलेल्या मुलीच्या चित्रात हे येत नाही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक टोकदार आहे, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्यावरूनच वादळ उठले. रोमान्स लेखकांच्या त्याच संघटनेने त्या वर्षी धार्मिक-आध्यात्मिक विभागातले पारितोषिक एका कादंबरीला दिले आणि काही दिवसांतच ते मागे घेतले. कादंबरीच्या सुरुवातीला नायक अमेरिकी घोडदळाचा अधिकारी म्हणून वुंडेड नी येथे लढतो. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डकोटातील त्या ठिकाणी सैन्याने लाकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांची कत्तल केली. मृतांचे अंदाज दीडशे ते तीनशे यांदरम्यान आहेत आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. नायकाला त्याचा पश्चात्ताप होतो, तो शस्त्राचा मार्ग सोडू पाहतो, देवाची क्षमा मागतो आणि पुढे त्याची प्रेमकथा रंगते.

पाप, पश्चात्ताप आणि कृपा ही या साहित्याची मूळ त्रिसूत्री आहे. अगदी मोठ्या पाप्यालाही कृपा मिळते, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा असल्याने अशा नायकाचे पालटणे धर्मदृष्ट्या अशक्य आहे असे कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप कादंबरीच्या रचनेला आहे. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यापैकी कोणी कथेत बरोबरीच्या नात्याने बोलत नसेल, तर क्षमेचा सगळा व्यवहार मारणारा आणि देव या दोघांतच उरकतो, आणि कत्तल ही नायकाच्या मनावरची एक जखम म्हणून उरते. बायबलातील जक्कय जकातदाराची गोष्ट या लेखिकांना पाठ असते. त्याने नुसता पश्चात्ताप केला नाही. ज्यांचे लुबाडले होते त्यांना चौपट परत करीन असे म्हटले. चौपट परत करणारा नायक या प्रकारात फार क्वचित भेटतो. पारितोषिक मागे घ्यायला नको होते असे म्हणणारे होते, तसेच ते मुळात दिलेच कसे असे विचारणारेही होते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

मी मिशनच्या शाळेत शिकवते. आमचे पणजोबा पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १८७६ मधल्या अहमदनगरवर मी अशीच एक कादंबरी लिहिते आहे: राधा नावाच्या ब्राह्मण मुलीचे नवव्या वर्षी लग्न होते, नवरा इंग्रजी शिकता शिकता बाप्तिस्मा घेतो आणि ती माहेरी परतते. एका प्रकाशकांनी पहिले प्रकरण वाचून सांगितले की मराठीत अशा लेखनाची परंपरा नाही, आणि बालविवाहाच्या काळात प्रेमकथा घडूच शकत नाही. पहिले प्रकरण सोबत जोडले आहे. आपले मत स्पष्ट कळवावे. (एक वाचिका, अहिल्यानगर)

प्रकाशकांची दोन्ही विधाने मला मान्य नाहीत. आपल्या प्रकरणाविषयीही काही तक्रारी आहेत, त्या पुढे येतील. शहराचे नाव आता बदलले असले तरी काळ जुना असल्याने येथे नगर असेच लिहितो.

परंपरेचे म्हणाल, तर मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षाची. पदमनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहतात. पुढे यमुनेलाच वैधव्य येते आणि शेवटाकडे ती ख्रिस्ती होऊन एका ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न करते. श्रद्धा, विवाह आणि सुखान्त हे तिन्ही धागे तिच्यात आहेत. प्रेमकथा म्हणून ती कोरडी आहे, पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांना पटवून देत असतात. पण परंपरा नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या भाषेच्या पहिल्याच कादंबरीकडे पाठ फिरवली आहे एवढे खरे.

बालविवाहाच्या काळात प्रेमकथा घडत नाही, हे विधान त्याहून चुकीचे आहे. अमेरिकी कादंबरीत प्रेम लग्नाच्या आधी घडते म्हणून आपल्याकडेही ते तेथेच शोधायचे, हा हट्ट कशासाठी? आपल्याकडे त्याची जागा लग्नानंतर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली असणारच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे परतल्या त्या हिंदू म्हणूनच आणि सोवळेओवळे सांभाळून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली पाच वर्षे म्हणजे राग, विरह, थट्टा, हट्ट आणि पुन्हा जुळत गेलेले मन. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेले ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, आणि त्याची नक्कल कोणी करू नये. पण स्वतःच्याच नवऱ्याच्या प्रेमात दुसऱ्यांदा, आणि यावेळी आपल्या मर्जीने पडण्याची कथा मराठीत किती खरी असू शकते, याला याहून मोठा पुरावा नको. आपल्या राधेने दुसऱ्या कोणाच्या प्रेमात पडण्याची मुळीच गरज नाही. पहिल्या प्रकरणात आणलेला तो तरुण गोरा डॉक्टर काढून टाका.

आता चुका. राधा १८७६ च्या पावसाळ्यात नगरच्या स्टेशनवर उतरते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी तिला दौंडला उतरून पुढे बैलगाडीनेच यावे लागले असते. याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण गाडीचा प्रवास आपल्याला फायद्याचा आहे: रात्रीचा मुक्काम, कोण कोणाच्या हातचे खातो याचा घोळ आणि बोलायला भरपूर वेळ. दुसरी चूक पोस्टकार्डाची. पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून आले. नवऱ्याने तिला पाकिटातच लिहिले पाहिजे आणि ते भावाने आधी फोडले पाहिजे. शिवाय १८७६ हे साल आपण निवडलेच आहे, तर त्या वर्षापासूनच्या दुष्काळाचा प्रकरणात एकही शब्द नाही, ही उणीव मोठी आहे. त्या वर्षी नगरच्या रस्त्यावरून राधेची गाडी जाते आणि तिला अन्नाच्या शोधात निघालेले एकही कुटुंब दिसत नाही, हे कोणी मानणार नाही.

कायद्याकडे मात्र आपण पाहिलेलेच दिसत नाही, आणि कथेचे सगळे यंत्र तेथे तयार आहे. १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा असा होता: बाप्तिस्मा घेतल्यामुळे बायकोने नवऱ्याला सलग सहा महिने टाकले, तर त्याला कोर्टात सहवासाची मागणी करता येई. न्यायाधीश तिला विचारत. धर्मांतराच्या कारणावरून तिने नकार दिला, तर प्रकरण एक वर्षासाठी तहकूब होई आणि वर्षानंतर तिला पुन्हा विचारले जाई. तेव्हाही नकार कायम असला की विवाह रद्द. सरकारनेच विचार करायला एक वर्ष दिलेली नायिका जगातल्या किती लेखिकांच्या वाट्याला आली असेल? पहिल्या नकारापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंतचे बारा महिने हीच आपली कादंबरी. तिने शेवटी काय उत्तर द्यावे ते आपण ठरवा, पण न्यायाधीशापुढे उभी राहीपर्यंत ते तिलाही ठाऊक नसावे.

जातीविषयी थोडे कटू लिहितो. नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती समाजाचे बहुसंख्य लोक महार आणि मांग कुटुंबांतून आले. ब्राह्मण कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती. आपल्या प्रकरणात ही बहुसंख्य माणसे अंगण झाडायला आणि निरोप सांगायला येतात. आपल्या पणजोबांच्या ख्रिस्ती उपासक मंडळीत ती पहिल्या रांगेत बसत असतील, कीर्तनात झांज धरत असतील, शाळेत शिकवत असतील. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक नगरहूनच १८४२ पासून निघू लागले. त्याचे जुने अंक मिळाले तर त्या माणसांची मराठी कशी होती हे कळेल आणि आपल्या पात्रांच्या तोंडची आजची प्रवचनी भाषा जाईल.

शेवटचा मुद्दा प्रार्थनेचा. आपल्या प्रकरणात नवरा तापाने फणफणला आहे, राधा तुळशीपुढे उभी राहून नव्या देवाला हाक मारते आणि पुढच्याच वाक्यात ताप उतरतो. नाशिकच्या वाचिकेला दिलेली कसोटी येथे लावून पाहा. ही प्रार्थना खोडली तरी ताप उतरतोच, कारण तो आपल्याला उतरवायचाच आहे. त्याऐवजी असे करून पाहावे. ताप उतरत नाही. मंडळीतली एक मांग बाई, जी रोज सकाळी येऊन त्याचे डोके पुसते, ती तहानलेल्या राधेपुढे पाण्याचा तांब्या ठेवते आणि काही न बोलता आत जाते. राधा दुपारभर त्या तांब्याकडे पाहत ओट्यावर बसते. संध्याकाळी तो तांब्या रिकामा आहे, एवढेच वाचकाला दिसावे. ते पाणी तिने प्यायले की तुळशीला घातले हे आतून विचारणाऱ्या नवऱ्याला तिने त्या रात्री सांगू नये. प्रकरण तेथेच संपवा आणि पुढची तीन प्रकरणे झाली की पाठवा.